स्वल्पविराम दम घेण्यासाठी नसतो

सांवेर इंदूर आणि उज्जैनच्या मधे आहे, त्यामुळे दोन्हीकडे पीएचडी करणारी इथली मुलं प्रबंधाची प्रकरणं घेऊन माझ्याकडे येतात. मराठी घरातली मला काकू म्हणतात, बाकीची मॅडम. मागणी सगळ्यांची एकच: इंग्रजी तेवढं बघून द्या, कॉमे-बिमे राहिले असतील तर टाका. हे 'टाका' मला सलतं. कॉमे मागाहून टाकायची वस्तू नाही. इंग्रजी वाक्याचा अर्थ ते ठरवतात, आणि संशोधनात त्या अर्थाची जबाबदारी लिहिणाऱ्यावर असते.

समजा, माळव्यातल्या सोयाबीनवर कोणी लिहितं आहे: 'द फार्मर्स हू सोड अर्ली लॉस्ट द क्रॉप.' म्हणजे ज्यांनी लवकर पेरलं, तेवढ्यांचंच पीक गेलं. आता 'फार्मर्स'नंतर एक आणि 'अर्ली'नंतर एक, असे दोन स्वल्पविराम द्या. लगेच अर्थ होतो की पाहणीतल्या सगळ्याच शेतकऱ्यांनी लवकर पेरलं आणि सगळ्यांचंच पीक गेलं. पाहणी तीच, आकडे तेच, निष्कर्ष मात्र निराळा. परीक्षकाच्या लक्षात आलं तर बरं. नाही आलं, तर तेच वाक्य पुढचा संशोधक संदर्भ म्हणून उचलतो.

शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की वाचताना जिथे थोडं थांबाल, तिथे स्वल्पविराम द्या. मराठी-हिंदीत ते बरंच निभावून जातं, इंग्रजीत नाही. कर्ता लांबला की मुलं क्रियापदाआधी दम घेतात आणि नेमका तिथे कॉमा ठेवतात. कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे. उलट जिथे पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा, तिथे दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडलेली असतात. मुलांची अडचण मला कळते. हिंदी शाळेत पूर्णविराम म्हणजे उभी रेघ, घरच्या मराठी पुस्तकात टिंब. टाइप करताना उभ्या रेघेआधी जागा सोडायची सवय कॉमालाही लागते, मग कॉमा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटा जाऊन पडतो.

याची मुळं जुनी आहेत. होळकरांचा कारभार ज्या मोडीत चालला, तिच्यात विरामचिन्हं नव्हती आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. छापील मराठीत ही चिन्हं रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा. त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५० सालचं. चिन्हं आपण इंग्रजीकडून घेतली, पण ती बसवली आपल्या वाक्यात. आपलं वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं, त्यामुळे एखादं टिंब राहिलं तरी वाचणारा 'केला', 'गेले', 'आहे' पाहून सावरतो. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जातं, आणि वाक्य कुठे संपलं हे चिन्हालाच सांगावं लागतं. हे कोणी समजावून सांगत नाही म्हणून मुलं चुकतात.

सगळ्यात गंभीर बाब अवतरणचिन्हांची आहे. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले, खाली नावही दिलं, पण अवतरणचिन्हं दिली नाहीत, तर ते शब्द लिहिणाऱ्याचे स्वतःचे म्हणून वाचले जातात. वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. रीतसर श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळतात. प्रामाणिक मुलगा निव्वळ चिन्हांच्या अज्ञानापायी चोर ठरू शकतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं. काही जण स्वतःच्याच शब्दावर भर द्यायला अवतरणचिन्हं लावतात. वाचणाऱ्याला वाटतं, शब्द उसना आहे किंवा लेखकालाच त्याची खात्री नाही.

'मजकूर महत्त्वाचा, कॉमाचं काय एवढं' असं म्हणणारे गाइड आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. हल्ली त्यात भर म्हणून मुलांना सॉफ्टवेअरकडे पाठवतात. सॉफ्टवेअर इट्समधल्या अपॉस्ट्रॉफीची चूक दाखवेल, पण शेतकरी सगळे होते की काही, हे त्याला कुठून कळणार? ते पाहणी करणाऱ्याच्या वहीत आहे.

पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन व प्रकाशन नीतीचा २ क्रेडिटचा विषय आता सक्तीचा आहे. त्यातले काही तास प्रत्येकाच्या स्वतःच्या प्रकरणातल्या एकेका पानावर खर्च करावेत, आणि हे चिन्ह इथे का, असं प्रत्येक चिन्हाबद्दल विचारावं. त्यासाठी इंग्रजीचा प्राध्यापक नको, त्या विषयाचा गाइडच हवा. वाक्य व्याकरणात बसलं आहे का, हे मीही सांगू शकते. ते खरं आहे का, हे त्यानेच तपासायचं आहे.