कूलर कोणी धुवायचा आणि शिक्षा कोणी भोगायची?

टर्बो फुटला. नवा टर्बो आला. गाडी संध्याकाळच्या आत लाइनवर गेलीच पाहिजे, असा वरून फोन आला. मग कूलरचे काय? "तो तसाच बसवा, पुढच्या शेड्यूलला बघू!"

कामगार बंधूंनो, डिझेल शेडमध्ये असो वा टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसच्या वर्कशॉपात, हे वाक्य आपल्याला नवे नाही. त्याची किंमत मात्र हा हुकूम देणारा कधीच मोजत नाही.

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. ती थंड करून इंजिनात सोडायची, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते. हे काम कूलरचे. व्हॅनमध्ये त्याला इंटरकूलर म्हणतात आणि तो बहुधा वाऱ्यावर थंड होतो. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेल्या अल्को जातीच्या इंजिनांत तोच आफ्टरकूलर, पाण्यावर चालणारा. विद्युतीकरणाने डिझेल इंजिने कमी झाली, पण आहेत त्यांचे दुखणे तेच आहे. टर्बोचे हवा दाबणारे चाक ॲल्युमिनियमचे. ते फुटले की त्याचे तुकडे, चुरा आणि सीलमधून सुटलेले तेल सरळ कूलरच्या अरुंद फटींत जाऊन बसते. वरून पाहाल तर काही दिसत नाही.

नवा टर्बो लावून इंजिन चालू केले की दाबाची हवा तोच चुरा सोडवून पुढे ढकलते. तो व्हॉल्व्हखाली अडकतो, पिस्टनवर आपटतो, सिलिंडरला ओरखडे पाडतो. मोठा तुकडा धुराच्या वाटेने बाहेर पडला तर नव्या टर्बोच्या टर्बाइनवरच जाऊन आदळतो! म्हणजे काही तास वाचवायला गेलो आणि दुसरा टर्बोही गमावून बसलो. ही बचत म्हणायची की उधळपट्टी?

आमच्या एका शेडमध्ये नेमके हेच घडले. दुसरा टर्बो गेला, गाडी मध्येच उभी राहिली आणि चौकशी बसली. चौकशीत प्रश्न एकच: "बसवला कोणी?" बसवायला लावले कोणी, हे कोणी विचारले नाही. हुकूम तोंडी होता, सही फिटरची होती. शिस्त व अपील नियम, १९६८ खालचे आरोपपत्र अर्थातच सहीवाल्याच्या हाती पडले. तोंडी हुकूम देणारे साहेब त्याच चौकशीत साक्षीदार म्हणून बसले होते!

काम कसे करायचे हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कूलर उतरवायचा, हवा ज्या तोंडाने बाहेर पडते तिथून उलट्या दिशेने तेल विरघळवणारे द्रावण सोडायचे, भिजत ठेवायचे, हलवून ओतायचे. खाली पांढरे फडके धरायचे आणि त्यावर चमकणारा कण दिसेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा करायचे. मग कोरडी दाबाची हवा मारून पूर्ण वाळवायचा. आत द्रावण किंवा तेल राहिले तर इंजिन तेच पिऊन बेफाम पळू शकते. जोडपाइपही धुवायचे आणि बसवेपर्यंत तोंडे बंद ठेवायची. उघड्या तोंडातून गेलेली चिंधी हाही कचराच. व्हॅनच्या बारीक जाळीच्या इंटरकूलरमध्ये धातूचा चुरा घट्ट बसला असेल तर तो धुण्याच्या भानगडीत न पडता बदललेलाच बरा.

याला वेळ लागतो, माणूस लागतो. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, धुण्याचे काम ठेकेदाराला द्यायचे, चष्मे-हातमोजे मागितले तर स्टोअरकडे बोट दाखवायचे आणि वर विचारायचे की इंजिन अजून शेडमध्ये का?

आपल्यातल्या काहींनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. "चालतंय, बसव" म्हणणारा प्रत्येक वेळी अधिकारीच असतो असे नाही.

मागणी साधी आहे. टर्बो बदलला की कूलर साफ केल्याची नोंद जॉब कार्डावर वेगळ्या रकान्यात झाली पाहिजे आणि त्याचा वेळ ठरलेल्या कामाच्या वेळेत धरला पाहिजे. तोपर्यंत तोंडी हुकूम आला तर लेखी मागा. लेखी देत नसतील तर "कूलर साफ केलेला नाही, अमुक साहेबांच्या तोंडी आदेशावरून बसवला" असे तारीख-वेळेसह कार्डावर लिहा, मगच सही करा आणि त्याची एक प्रत शाखा सचिवाकडे ठेवा.