एवढीशी केबिन आणि दोन मुलं



मुलांच्या परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटतो. पापड-कुरडयांच्या जोडीला प्रवासाच्या शंका येऊ लागतात. या खेपेला पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून एका भगिनींचं पत्र आलं आहे. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या बोटीचं बुकिंग त्यांनी केलंय. नवरा-बायको, पाच वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. चौघांना मिळून एक केबिन, तीही बिनखिडकीची. यजमानांची कंपनीत पाळीची नोकरी, त्यामुळे रजा जेमतेम जुळलेली. त्यात थोरल्या बहिणीने मनात किडा सोडून दिलाय : "अगं, तुझी सुट्टी मुलांना थोपटण्यातच जाणार. मग घर काय वाईट होतं?"

बहिणीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. केबिन लहान असते हे एक कारण झालं, पण ते किरकोळ. खरं कारण असं, की रात्री आठ-साडेआठला मुलं पेंगुळली की त्यांच्यापाशी कुणीतरी थांबावं लागतं. आणि ते 'कुणीतरी' कोण, हे न विचारताच ठरलेलं असतं! तेव्हा जागेचा प्रश्न आधी सोडवू आणि मग या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

कोकणच्या जुन्या बोटी ज्यांना आठवतात, त्यांना केबिन ही चैनच वाटेल. १९८० च्या दशकापर्यंत भाऊच्या धक्क्यावरून 'रोहिणी', 'कोकण सेवक' अशा बोटी गोव्याच्या दिशेने सुटायच्या. बहुतेक कुटुंबं डेकवरच सतरंजी अंथरायची. एका बाजूला ट्रंका, दुसऱ्या बाजूला आई आणि मधे मुलं, की झाली खोली तयार! सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' ही बोट फिरू लागली. १९९० साली सेवेत आलेली ही बोट म्हणजे तरंगतं हॉटेलच. पण स्वस्तातली आतली केबिन म्हणाल, तर पलंग, कपाट आणि न्हाणीघर एवढ्यातच ती संपते. बाकीच्या पलंगांची सोय भिंतीतून खाली येणाऱ्या बर्थची.

आता मला सांगा, एवढ्याशा जागेत राहण्यात तुमच्याहून तरबेज कोण? यजमान रात्रपाळी करून सकाळी येतात आणि झोपतात. म्हाडाच्या दोन खोल्यांत तुम्ही कुकरची शिट्टी सांभाळता, पोरांना गॅलरीत खेळवता, पडदा ओढून भर दिवसा रात्र करता. केबिनमध्ये नेमकं हेच करायचं आहे.

सामानापासून सुरुवात करू. मोठ्या बॅगा बंदरावर आपल्याकडून घेतात आणि केबिनमध्ये पोहोचायला कधीकधी काही तास लागतात. म्हणून मुलांचे एकेक जोड कपडे, लंगोट, औषधं, पाण्याची बाटली आणि चार लाडू हातातल्या पिशवीत ठेवा. वल्लभनगरच्या स्टँडवरून एस.टी.ने निघा की चिंचवडहून आगगाडीने, बंदरावर पुन्हा रांगा असतातच. उपाशी मूल तिथे हमखास रडतं. केबिनमध्ये गेल्यावर आधी कपडे कपाटात लावा आणि रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवा. दिवसवारी कपड्यांच्या चार पिशव्या घरूनच करून न्याव्यात : एका पिशवीत एका दिवसाचे चौघांचे कपडे. म्हणजे एका मोज्यासाठी सगळी बॅग उपसावी लागत नाही.

एक युक्ती फारशी कुणाला ठाऊक नसते. बहुतेक मोठ्या बोटींवर केबिनच्या भिंती पोलादी पत्र्याच्या असतात. लोहचुंबकाचे पाच-सहा हूक नेले, की टोप्या, टॉवेल, पिशव्या भिंतीला टांगता येतात आणि पायाखालची जमीन मोकळी राहते. इलेक्ट्रिक किटली, शेगडी, इस्त्री मात्र नेऊ नका. समुद्रात आगीची धास्ती मोठी; या वस्तू बहुतेक बोटींवर काढून घेतात. दुधासाठी गरम पाणी जेवणघरातून मिळतं, चांगला थर्मास तेवढा सोबत हवा.

बिनखिडकीच्या केबिनचा एक गुण आणि एक दोष. गुण असा, की दुपारीसुद्धा मिट्ट काळोख करता येतो, मुलं गाढ झोपतात. दोष असा, की सकाळ झालेली कळत नाही आणि रात्री जाग आली तर मूल घाबरतं. न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार बोटभर उघडं ठेवलं की पुरतं. दाराच्या फटीत रुमालाची घडी अडकवा, म्हणजे बोट हललं तरी ते आपटणार नाही. ही दारं जड असतात आणि चिमुकली बोटं नेमकी तिथेच जातात.

झोपायची व्यवस्था अशी करा. धाकट्यासाठी पाळण्यासारखी खाट मिळेल का, हे आजच फोन करून विचारा. अशा खाटा मोजक्याच असतात. मुलगी वरच्या बर्थसाठी हट्ट धरेल. सहा वर्षांखालच्या मुलांना वर झोपवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो पाळा. दिवसा तिला तिथे बसवून शिडीची हौस भागवावी, तीही तुम्ही शेजारी उभ्या असताना.

फोन करालच, तेव्हा केबिन बोटीच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर आहे का, हेही विचारा. तिथे हेलकावे सगळ्यांत कमी जाणवतात. बोट लागण्याचा त्रास साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना जास्त होतो, म्हणजे तुमच्या मुलीला जपायला हवं. पोट रिकामं नको आणि तडस लागेपर्यंतही नको. मळमळू लागलं की केबिनमध्ये निजवून ठेवण्याऐवजी तिला उघड्या डेकवर न्यावं आणि दूर क्षितिजाकडे पाहायला लावावं. आपण मोठी माणसं घेतो त्यातल्या काही गोळ्या दोन वर्षांखालच्या मुलांना मुळीच चालत नाहीत. तेव्हा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून मगच औषध बॅगेत टाका.

आता भीतीविषयी. बोट म्हटलं की आपल्याकडची वडीलधारी माणसं १७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोट काढतातच. मुंबईहून रेवसला निघालेल्या त्या बोटीत सहाशेहून अधिक माणसं बुडाली. अलीकडे, १३ जानेवारी २०१२ ला, इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि ३२ जीव गेले. त्याच दिवशी बोटीवर चढलेल्या कित्येकांची संकटकाळची कवायत तोवर झालेलीच नव्हती. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. म्हणून कवायतीचा भोंगा वाजला की मुलांना घेऊन दोघांनीही जायचं. 'तू जा, मी याला झोपवते' असं मुळीच नाही! मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटं मागून घ्या, एकदा अंगावर घालून पाहा, आणि केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंतची वाट मुलीला बोट धरून दाखवा.

हे सारं झालं की केबिनचा प्रश्न तुमच्यापुरता मिटला. राहिला तो रात्रीचा. लहान मुलांना केबिनमध्ये एकटं ठेवून, बाहेरून दार ओढून घेऊन कार्यक्रमाला जाणं हा उपाय नव्हे. दहा मिनिटांपुरतासुद्धा नव्हे. मुलांना खेळवण्याची खोली मोठ्या बोटींवर असते, पण पुष्कळ ठिकाणी अगदी लहान मुलांना आई-वडिलांवाचून ठेवून घेत नाहीत. वयाची अट आधीच विचारलेली बरी. म्हणजे दोघांपैकी एकाने केबिनमध्ये थांबायचं, याला सुटका नाही.

मग पाळ्या लावा! कारखान्याच्या गावात राहून पाळीची पद्धत आपल्याला कुणी शिकवायला हवी का? पहिल्या रात्री जेवणं झाली की यजमानांनी मुलांना घेऊन केबिनमध्ये यावं, गोष्ट सांगावी, झोपवावं. तुम्ही साडी नीट करून खुशाल गाण्याच्या कार्यक्रमाला जा. दुसऱ्या रात्री उलट. सकाळचंही तसंच. धाकटा पहाटे पाचला उठून बसणार हे ठरलेलंच. तर एके दिवशी त्याला डेकवर सूर्योदय दाखवायला बाबांनी न्यावं आणि तुम्ही आठपर्यंत झोपावं. दुपारी मात्र चौघांनी मिळून झोपा, म्हणजे रात्रीची पाळी कुणालाच जड जाणार नाही.

काहीजणी म्हणतील, "यांना मुलं झोपवता येत नाहीत हो, शेवटी मलाच उठावं लागतं." येतील, बरं का! मशीनवर आठ-आठ तास उभा राहणारा माणूस दीड वर्षाच्या मुलापुढे हात टेकतो, कारण घरी आपणच त्याला कधी संधी देत नाही. निघायच्या आधी आठवडाभर सवय करा. रात्री धाकट्याला थोपटायचं काम त्यांच्याकडे सोपवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात थांबा. मूल रडेल, तुमचा जीव खालीवर होईल. तरी धावत जाऊ नका. बाबांच्या आवाजातली गोष्ट त्याच्या ओळखीची झाली, की समुद्रावरही तीच लागू पडते.

प्रवासाला निघण्याआधी एखाद्या संध्याकाळी दोघं मिळून बसा आणि एका कागदावर पाळ्या मांडा. तो कागद चुंबकाच्या हुकाने केबिनच्या भिंतीवरच लावता येईल. फक्त पाळ्या लिहिताना पेन त्यांच्या हातात द्या. स्वतःच्या अक्षरात लिहिलेली पाळी माणूस सहसा चुकवत नाही.