डेलीचे शंभर रुपये

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर दोन महिने इंटर्नशिप करावी लागते. २०२३च्या मे-जूनमध्ये मला सोलापुरातल्या एका बँकेच्या शाखेत जागा मिळाली. घरात आधी आनंद झाला, मग सगळे गप्प झाले. मामू मशिदीत इमामत करतात. ते म्हणाले, "बेटा, सूद खाणारा, देणारा, लिहिणारा आणि त्याचा साक्षीदार, चौघंही गुन्ह्यात सारखेच. तू तर लिहिणार!" अब्बांनी वाट काढली, "शिकायला जाऊ द्या, नोकरीचं नंतर बघू."

मामूंचा प्रश्न मी आजही हलका मानत नाही. पण त्या दोन महिन्यांनंतर आपल्या मोहल्ल्यांत सुदावर चालते ती चर्चा मला अर्धवट वाटू लागली आहे.

पहिले तीन आठवडे मी केवायसीचे फॉर्म भरत होते. शेख हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येतं ते मला तिथे कळलं. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. बायकांचं तर आख्खं नावच बदलतं. दाखल्यावर 'बी', आधारवर 'बेगम'. डोक्यावर स्कार्फ असलेली मुलगी दिसली की बुरख्यातल्या बायका रांग सोडून माझ्याकडे येत. "तू लिही गं, तो साहेब खेकसतो." दर तीन महिन्यांनी पासबुक छापायला येणारे एक निवृत्त शिक्षक होते. व्याजाच्या ओळीखाली ते पेन्सिलीने रेघ मारत आणि तेवढी रक्कम, सवाबची नियत न करता, कुणा गरजूला देऊन टाकत. हिशेब पै-पैचा. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, अजून वाटतो.

शाखेच्या समोरच आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा फळांची गाडी लावत. रोज संध्याकाळी एक माणूस मोटारसायकलवरून यायचा, शंभर रुपये घ्यायचा आणि चाचांच्या कार्डावर सही करायचा. याला सगळे 'डेली' म्हणतात. दहा हजारांचं कर्ज, हातात नऊ हजार, मग शंभर दिवस रोज शंभर. मी विचारलं, "चाचा, बँकेतून का घेत नाही?" ते म्हणाले, "तौबा, बँकेत सूद असतो. हा फक्त एक हजार खर्चा कापून घेतो."

मी स्लिपच्या मागे हिशेब मांडला. नऊ हजार काही शंभर दिवस त्यांच्याकडे राहत नाहीत, मुद्दल रोज थोडं थोडं परत जातं. सरासरी काढली तर साडेचार हजार वापरायला मिळतात आणि त्यावर शंभर दिवसांत हजार रुपये जातात. म्हणजे वर्षाला ऐंशी टक्क्यांच्या घरात! हातगाडीवाल्यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या स्वनिधी योजनेतलं पहिलं कर्जही नेमकं १०,००० रुपयांचंच होतं, वर्षभराच्या हप्त्यांनी फेडायचं. दर दहा टक्के धरला तर वर्षाचं व्याज साडेपाचशेच्या आसपास. वेळेवर फेडलं तर त्यातही सात टक्क्यांचं अनुदान. चाचा स्लिपकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "मग हा काय घेतो, तोही सूदच ना?"

मी मामूंनाही हेच विचारलं. ते म्हणाले, "दोन्ही सूदच." मग जुम्म्याच्या बयानात बँकेचं नाव येतं आणि डेलीचं का येत नाही? लिलावाच्या भिशीत गरजवंत पाच हजार सोडून पैसे उचलतो, त्याला आपण काय म्हणतो? बिनव्याजी बँकिंगला वाव द्यावा अशी शिफारस रघुराम राजन समितीने २००८मध्ये केली होती. रिझर्व्ह बँकेने २०१७मध्ये तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. तोवर आणि त्यानंतरही गरीब माणूस कर्ज काढतोच आहे. ज्याच्याकडे पैसे साठलेत तो पेन्सिलीने रेघ मारून मोकळा होऊ शकतो. ज्याला उद्याचा माल भरायचाय त्याने कुठे रेघ मारायची?

हे सगळं आपल्याच माथी मारून मी बँकेला सोडणार नाही. चाचांनी अर्ज केला. महापालिकेचं ओळखपत्र होतं, आधारला मोबाइल जोडून घेतला, स्पेलिंगची दुरुस्ती झाली. कागद पुरे झाले. मग एका अधिकाऱ्याने पत्ता वाचला आणि मला म्हणाला, "मॅडम, त्या एरियाचं जरा सांभाळून. वसुलीला कोण जाणार तिकडे?" 'तो एरिया' म्हणजे माझाही पत्ता, हे त्याच्या लक्षात नव्हतं. मी सांगितलंही नाही, आणि याची मला अजून लाज वाटते. मुस्लिम वस्त्यांना काही बँका निगेटिव्ह झोन धरतात हे सच्चर समितीने २००६मध्येच लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे अल्पसंख्याकांना दिलेलं प्राधान्य क्षेत्रातलं कर्ज दुर्बल घटकांच्या उद्दिष्टात धरलं जातं, आणि शाखेच्या तक्त्यातला 'मायनॉरिटी' हा रकाना महिनाअखेरीस मीच भरत होते. आमच्या वस्तीतल्या ठेवी त्या शाखेला चालत होत्या.

अर्ज जूनच्या शेवटी परत गेला. कारण तोंडी सांगितलं, कागदावर दिलं नाही. मी तेव्हा लेखी कारण मागायला हवं होतं. आता कुणी विचारलं तर पहिली गोष्ट हीच सांगते, नकार लेखी घ्या. मामूंकडे मी मशिदीच्या कमिटीसाठी एक मागणी ठेवली आहे. महिन्यातून एका जुम्म्याला, नमाजनंतर, नावं दुरुस्त करायचं आणि अर्ज भरायचं टेबल लावू द्या. फॉर्म मी लिहीन. ते "बघू" म्हणालेत.

चाचांचं कार्ड जुलैत भरलं. लगेच त्यांनी नवं घेतलं, या वेळी पंधरा हजारांचं. आता रोजचे दीडशे.