मेलेल्यांचं येणं

कमानिया गेट १८५७ साली उभं नव्हतं. एवढं एक वाक्य कोणी वेळेवर सांगितलं असतं, तर गेल्या महिन्यात माझ्या फोनवर आलेलं ते पुस्तक निदान आहे तसं तरी लिहिलं गेलं नसतं. पुस्तक जबलपुरातल्याच, आमच्या ओळखीतल्या एका मराठी मुलाचं. लिहिलं त्याने, मुखपृष्ठ केलं त्याने, ई-बुक म्हणून प्रकाशितही त्यानेच केलं. मुखपृष्ठावर आपली कमान, कमानीला लटकलेली बाई, बाईचे डोळे लाल. गोष्ट अशी: सत्तावनच्या बंडात गोरे सोजीर एका गोंड बाईवर अत्याचार करतात, तिला कमानिया गेटला फाशी देतात, आणि आज तिची हडळ सराफ्यातल्या चार घरांतल्या पुरुषांना एकेक करून मारते, कारण त्यांच्या खापरपणजोबांनी साहेबाला तिचा ठावठिकाणा सांगितला होता. सोबत निरोप: "मावशी, वाचून मत कळवा."

कळवते. पण ते त्या एकट्याला कळवून भागणार नाही. असली पुस्तकं मी गेली काही वर्षं सातत्याने वाचते आहे. गाव बदलतं, साल बदलतं, बाई तीच. तिच्यावर बलात्कार होतो किंवा तिला जाळतात किंवा विहिरीत ढकलतात, आणि मग ती केस सोडून परत येते.

आधी कमानीचं सांगते. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला काँग्रेसचं ५२ वं अधिवेशन भरलं. सुभाषचंद्र बोस १५८० विरुद्ध १३७७ मतांनी पट्टाभि सीतारामय्यांना हरवून पुन्हा अध्यक्ष झाले होते, आणि तापाने असे फणफणले होते की त्यांना स्ट्रेचरवरून अधिवेशनात आणावं लागलं. बावन्न हत्तींची मिरवणूक निघाली, तीही त्यांच्या तसबिरीची. अध्यक्षाने कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी, असा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव त्याच अधिवेशनात मंजूर झाला आणि एप्रिल संपता संपता सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. त्या अधिवेशनाची आठवण म्हणजे ही कमान. निवडून आलेल्या माणसाला त्याच्याच लोकांनी एकटं पाडलं, त्याची खूण बडा फुहाऱ्याच्या भर बाजारात उभी आहे आणि आपण तिच्याखालून खव्याची जिलबी आणायला जातो. ज्याला गोष्ट सांगायची आहे त्याला एवढं पुरत नाही? पुरत नाही, कारण त्याने ती कमान कधी वाचलेलीच नाही. त्याला फक्त दोर बांधायला काहीतरी उंच हवं होतं.

सत्तावनच हवं असेल, तर जबलपूरचं सत्तावन साधंसुधं नाही. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातले राजा शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह ह्यांच्यावर ५२ व्या नेटिव्ह इन्फंट्रीतल्या शिपायांना फितवल्याचा आरोप ठेवला गेला. झडतीत सापडलेला मोठा पुरावा कोणता होता? शंकरशाहांनी देवीला घातलेलं साकडं. शत्रूचा नाश कर, असं मागणारी पद्यातली प्रार्थना. म्हणजे दैवी सूडाचं मागणं, कागदावर, राजाच्या हाताचं. त्या कागदाला इंग्रज सरकार इतकं भ्यालं की १८ सप्टेंबर १८५७ रोजी बापलेकांना सगळ्यांदेखत तोफेच्या तोंडी दिलं. देवी प्रकट झाली नाही. तुटलेले अवयव सरपटत कोणाच्या बंगल्यात शिरले नाहीत. त्याच रात्री ५२ वी पलटण उठली आणि छावणी सोडून निघून गेली. जिवंत शिपाई, हाडामांसाचे, पुढे काय होणार हे माहीत असलेले. साकडं देवीला घातलं होतं, उठली माणसं.

हे इतकं लांबवून सांगते आहे कारण सूडकथा लिहिणारे नेमकं हेच पुसून टाकतात. त्यांच्या गोष्टीत माणसं उठतच नाहीत. गावात अन्याय होतो, गाव पाहतं, गाव गप्प बसतं, आणि शंभर पानांनंतर गावाचं काम भूत करून टाकतं. चार गुन्हेगार मेले की हिशेब संपला. ज्या सासूने दार बाहेरून लावून घेतलं, ज्या डॉक्टरने दाखल्यावर 'अपघात' लिहिलं, ज्या हवालदाराने दोन दिवस तक्रार घेतली नाही, ज्या शेजाऱ्याने किंकाळी ऐकून टीव्हीचा आवाज वाढवला, त्यांच्या अंगाला काहीच लागत नाही. ते सगळे वाचक होऊन बसलेले असतात. म्हणून ही गोष्ट वाचायला सुखाची वाटते. तुम्हाला मला काहीच करावं लागत नाही.

आणि हे असं का घडतं, त्याचं कारण मला कळतं. रोज एक भाग टाकायचा, प्रत्येक भागाच्या शेवटी वाचक अडकवून ठेवायचा, तो उद्या परत आला पाहिजे. सूडाची यादी ह्या कामाला फार सोयीची. चार नावं म्हणजे चार खून, चार खून म्हणजे चाळीस भाग, मुख्य गुन्हेगार शेवटासाठी राखून ठेवलेला. कथानक शोधावं लागत नाही, यादी पुढे सरकवली की झालं. पण त्या यादीला कारण लागतं, आणि ते कारण म्हणून बाईचं शरीर वापरलं जातं. अत्याचाराचं वर्णन तीन-तीन भाग चालतं, चवीने चालतं. तिला आवडता रंग नसतो, मैत्रीण नसते, वाद घालण्याची सवय नसते. मेल्यावर तिला पहिल्यांदा तोंड फुटतं, तेही आरोळी मारायला. हे तिच्या बाजूने लिहिलेलं साहित्य आहे, असं कोणी मला सांगू नये.

वर पुन्हा 'आपल्या मातीतली भुतं' असं लेबल. आपल्या मातीतली भुतं मला ठाऊक आहेत, मी ती आजीच्या तोंडून ऐकली आहेत. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला पोर, पिंपळावर राहणारा. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे निपुत्रिक गेलेला, ज्याचे संस्कार राहिले असा. ह्यांची नावं काय सांगतात पाहा. कोणाचं काय राहून गेलं, ते सांगतात. कोणी मारलं, ते नाही. मुंजाचं लग्न राहिलं, अळवंतिणीचं मूल राहिलं, समंधाचं पाणी राहिलं. मराठी भूत मुळात येणेकरी आहे. ते दारात उभं राहून आपलं येणं मागतं, आणि ते जिवंत माणसांनीच फेडायचं असतं.

माझी एक मावसबहीण चौतिसाव्या वर्षी गेली. मुलगी अकरा वर्षांची. दहावा ग्वारीघाटावर होता. बायकांनी खाली जायचं नसतं म्हणून मी आईबरोबर वरच्या पायऱ्यांवर उभी होते. पिंड ठेवले, कावळे समोरच्या झाडावर बसलेले, एकही खाली येईना. तास गेला. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल तर बोला. तिचा नवरा बोलला, दीर बोलला, कावळा हलेना. शेवटी सासरे पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, "पोरीला शिकवू, ती म्हणेल तिथपर्यंत शिकवू." कावळा आला. कावळ्याला काय कळलं, ते मी सांगत नाही. मी सांगते आहे ते पुढचं. मुलीची बारावी झाल्यावर त्या घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं, तेव्हा माझी आई उठून तिथे गेली आणि एवढंच म्हणाली, "भावजी, घाटावर काय बोललात ते वीसजणांनी ऐकलंय." मुलगी शिकली. फी सासऱ्यांनीच भरली.

माझा भुतांवर विश्वास नाही. येण्यावर आहे. ह्या रीतीत मेलेली बाई घरातल्या पुरुषांकडून सर्वांदेखत शब्द घेते, आणि तो शब्द मोडायला अवघड जातो. आमच्या सूडकथाकारांच्या हातात हे सगळं आयतं होतं. त्यांनी ते टाकलं आणि सिनेमातून लाल डोळे उचलून आणले.

मराठी मुलखातलं सगळ्यांत प्रसिद्ध भूत घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं. लोक आजही सांगतात की तिथे रात्री हाक ऐकू येते, काकाला वाचवायला बोलावणारी. अडीचशे वर्षांत त्या भुताने कोणाचा गळा धरल्याची आख्यायिका मी ऐकलेली नाही. ते फक्त हाक मारतं. गुन्ह्याचा शोध घेतला रामशास्त्री प्रभुण्यांनी, सत्तेवर बसलेल्या त्याच काकाला, राघोबादादांना, दोषी ठरवलं आणि त्यांची चाकरी सोडून निघून गेले. राघोबाला पायउतार करायला बारभाई एकत्र आले. हाक मेलेल्याची, कारवाई जिवंतांची. लोकांनी ही गोष्ट अशीच जपली, कारण तिच्यात भीती आहे आणि लाजही आहे. कोणीतरी हाक मारत होतं आणि दार उघडलं गेलं नाही, ह्याहून भयंकर काय लिहिणार?

बाहेर पाहायचं तर जपानात पाहा, सूड घेणाऱ्या भुतांचा तो देश. सुगावारा नो मिचिझाने हा विद्वान मंत्री खोट्या आरोपावरून हद्दपार झाला आणि ९०३ साली परमुलखात मेला. मग राजधानीत वीज पडली, माणसं मेली, दरबाराने तो त्याचाच कोप मानला. पण गोष्ट तिथे थांबत नाही. दरबाराने त्याला मरणोत्तर मोठं पद दिलं, आणि आज तो विद्येचा देव म्हणून पुजला जातो. सूडाच्या भुताने तिथेही शेवटी चूक कबूल करून घेतली. आमच्या ई-बुकांत कबुली कोणी देत नाही. सगळे नुसते मरतात.

कोणी म्हणेल, गरिबाला न्याय मिळत नाही म्हणून तो भुताची गोष्ट वाचतो, एवढा तरी दिलासा त्याला असू द्या. मी हे मनावर घेतलं आहे, आणि तरी नाही म्हणते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका, मुलं सुधीर आणि रोशन ह्यांना जमावाने मारलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहाजणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द करून जन्मठेप दिली, आणि हा जातीच्या द्वेषातून झालेला अत्याचार आहे, असं दोन्ही न्यायालयांनी मानलं नाही. भैयालाल भोतमांगे लढत राहिले आणि २०१७ मध्ये गेले. त्या चौघांच्या वतीने भूत आलं नाही. एक म्हातारा होत चाललेला माणूस तारखांना जात राहिला. ज्याला भयकथा लिहायची आहे त्याने त्या माणसाच्या रिकाम्या घरातली एक रात्र लिहून दाखवावी. वाचकाला दिलासा मिळणार नाही, आणि मिळूही नये.

नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी मराठी भयकथेला घडवलं, वाचनालयांतून ती घराघरात पोचवली. मतकरींच्या गूढकथेत भीती बहुतेकदा माणसाच्या आत असते. धारपांच्या कथेतून प्रेरणा घेऊन 'तुंबाड' झाला, आणि त्यात राक्षसापेक्षा खानदानी हाव जास्त घाबरवते. ह्या दोघांना संपादक होते, प्रकाशक होते, छापील पानांची मर्यादा होती. स्वतः प्रकाशित करणाऱ्या आजच्या मुलाला ह्यातलं काहीच नाही, आणि मला त्याचा आनंद आहे. जबलपूरच्या मराठी मुलाला पुण्यातल्या कोणाच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या पिढीतल्या इथल्या कितीतरी जणांच्या वह्या तशाच ट्रंकेत राहिल्या. म्हणूनच चीड येते. कोणाची परवानगी लागत नसताना तुम्ही असं काय लिहिलंत, जे परवानगी मागून लिहिता आलं नसतं?

ते लिहिण्यासारखं इथेच आहे. तुमच्या पुस्तकात ती बाई गोंड आहे. तिचं राज्य कोणी घेतलं? १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी नरहरशाहाला हरवून गढा-मंडल्याचं गोंड राज्य संपवलं. इंग्रज आले ते त्यानंतर छत्तीस-सदतीस वर्षांनी. आपल्यातली अनेक मराठी घरं ह्या भागात आली ती त्या मराठी राज्याच्या मागोमाग, कारकुनीला, पूजेला, हिशेबाला. शंकरशाह त्याच गोंड घराण्यातले. त्या बाईचं भूत खरंच कमानियाखाली उभं राहिलं, तर ते सराफ्याच्या गल्लीत जाण्याआधी आपल्याकडे वळेल, आणि गळा धरणार नाही. ते येणं मागेल. त्यावर आपण काय बोलणार, ते तुमच्या पुस्तकात कुठेच नाही.

बाळा, छापील पुस्तक असतं तर मी म्हटलं असतं की पुढच्या वेळी लक्षात ठेव. ई-बुक आज रात्रीसुद्धा बदलता येतं. कमानीवरचा दोर काढ, साल दुरुस्त कर, खुनांची दोन प्रकरणं उडव आणि त्या जागी त्या बाईला जिवंतपणी बोलू दे. मग पुन्हा पाठव. मी वाचेन.