लाल झेंडी दाखवणारा कॅमेरा

आमच्या आजीचा स्वयंपाकघरातला एकही फोटो नाही!

यात उद्गारचिन्ह टाकण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पण जिनं आयुष्याची पन्नासेक वर्षं आधी चुलीपुढे आणि मग स्टोव्हपुढे काढली, तिचे आल्बममधले सगळेच्या सगळे फोटो अंगणातले, ओसरीवरचे नाहीतर गच्चीतले. ऊन डोळ्यांवर आल्यानं कपाळाला आठ्या, हात रिकामे, आणि ‘आता हे हात ठेवायचे तरी कुठे?’ असा चेहरा. गेल्या दिवाळीत आत्याकडे आल्बम चाळताना मी सहज विचारलं, तर ती म्हणाली, ‘‘अगं, घरात कॅमेरा चालायचाच नाही. लाल झेंडी दाखवायचा!’’

उठून तिनं कपाटातून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेला तो झेंडीवाला काढला आणि माझ्या हातात ठेवला. ऑलिम्पस ट्रिप ३५. काका बोटीवर इंजिनियर होते. १९७४ साली त्यांनी तो सिंगापूरहून आणला होता. आपल्याकडे तेव्हा घरगुती कॅमेरा म्हणजे बहुधा अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री, एका रोलवर बारा फोटो देणारा. त्यामुळे जपानी कॅमेरा आल्याची बातमी चाळीच्या तिन्ही मजल्यांवर पोचायला संध्याकाळही लागली नव्हती म्हणे.

ही झेंडी काय भानगड आहे ते समजून घ्यायचं, तर या कॅमेऱ्याच्या घराण्यात डोकवावं लागतं. घराण्याचा मूळपुरुष योशिहिसा मैतानी. जन्म १९३३चा, शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतातला. शिक्षण वासेदा विद्यापीठात, तेही मोटारींच्या इंजिनियरिंगचं. छंद मात्र फोटोग्राफीचा, आणि हातात चक्क लायका! १९५६ साली तो ऑलिम्पस कंपनीत लागला. त्या काळी ऑलिम्पसचा स्वस्तातला स्वस्त कॅमेरासुद्धा तेवीस हजार येनांच्या घरात होता. साध्या नोकरदाराची दोन महिन्यांची कमाई त्यात जायची. या पोरानं ठरवलं, आपण सहा हजार येनांचा कॅमेरा करायचा. बरं, नुसता स्वस्त नाही. लायकावाल्याला जोडीला खिशात टाकावासा वाटेल, अशा भिंगाचा.

आता बोला! भिंग चांगलं हवं म्हटल्यावर बहुतेक पैसे त्या भिंगातच संपले. मग उरलेला कॅमेरा करायचा कसा? मैतानीनं एकेक गोष्ट छाटत आणली. फिल्म पुढे सरकवायची तरफ काढून टाकली आणि पाठीमागे अंगठ्यानं फिरवायचं साधं दातेरी चाक बसवलं. फोटोची चौकटच अर्धी केली, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. आपल्या मध्यमवर्गीय कानांना गोड लागावं असंच गणित! पण कारखान्याच्या मुख्यानं नमुना पाहिला आणि असलं खेळणं आमच्याकडे बनणार नाही, म्हणून हात वर केले. शेवटी सुरुवातीचं उत्पादन बाहेरच्या कंपनीकडे द्यावं लागलं. ऑक्टोबर १९५९मध्ये ‘पेन’ नावानं तो बाजारात आला. पेनासारखा खिशाला लावून हिंडायचं, म्हणून पेन. किंमत सहा हजार येन!

पेन खपला, पण एक अडचण होतीच. अ‍ॅपर्चर किती, शटरचा वेग किती, अंतर किती, हे सगळं वापरणाऱ्यानंच ठरवायचं. घराघरांत हे जमणार कसं? १९६१ साली आलेल्या ‘पेन ईई’नं हा प्रश्न सोडवला. ईई म्हणजे इलेक्ट्रिक आय, विजेचा डोळा. भिंगाभोवती बुडबुड्यांच्या काचेचं एक कडं, आणि त्यामागे सेलेनियम. उजेड पडला की सेलेनियम स्वतःच थोडीशी वीज तयार करतं. तेवढ्या विजेवर आत एक नाजूक काटा हलतो. तुम्ही बटण दाबलं की काटा असेल तिथे चिमटीत धरला जातो, आणि तो कुठे थांबलाय त्यावरून उजेडाचं माप ठरतं. बॅटरी नाही, सेल नाही, काही नाही. ज्या उजेडाचा फोटो काढायचा, त्याच उजेडावर कॅमेऱ्याचं डोकं चालतं. आणि उजेड पुरेसा नसेल तर? तर व्ह्यूफाइंडरच्या खिडकीत खालून एक लाल पट्टी वर येते आणि बटण दाबलंच जात नाही. जपानी लोक तिला ‘लाल जीभ’ म्हणतात. आमच्या आत्याच्या घरात तिची झेंडी झाली, एवढंच!

ट्रिप ३५ हा या पेन ईईचा थोरला अवतार. १९६७-६८च्या सुमारास आला तो १९८४पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत राहिला. सहलीला न्यायचा म्हणून नाव ट्रिप. चौकट पूर्ण, छत्तीस फोटोंची. भिंग चाळीस मिलिमीटरचं, २.८चं. शटरला वेग दोनच, सेकंदाचा दोनशेवा भाग आणि चाळिसावा भाग. त्यातला कुठला घ्यायचा ते कॅमेरा ठरवतो, तुम्हाला विचारतही नाही. तुम्ही फक्त अंतर सांगायचं, आणि तेही चित्रात. कड्यावर एक डोकं काढलंय ते एक मीटर, दोन माणसं दीड मीटर, घोळका तीन मीटर, आणि डोंगर म्हणजे बाकी सगळं जग. इंग्लंडात सत्तरच्या दशकात याच्या जाहिरातींत डेव्हिड बेलीसारखा नावाजलेला फोटोग्राफर होता. पण मला विचाराल तर खरी जाहिरात त्या चार चित्रांची. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कॅमेरा चालवता यावा, याहून मोठी सोय कुठली?

या जातीला व्ह्यूफाइंडर कॅमेरा म्हणतात, कारण आपण भिंगातून न बघता शेजारच्या वेगळ्या खिडकीतून बघतो. त्यात एक फजिती ठरलेली. भिंगावरचं झाकण काढायला विसरलात, तरी खिडकीतून सगळं छानच दिसतं. सगळी सहल टिपून घरी यायचं आणि धुतलेला रोल कोरा! ट्रिपमध्ये हे होत नाही. झाकणानं सेलेनियमचं कडंही झाकलं जातं, कॅमेऱ्याला वाटतं रात्र झाली, आणि झेंडी वर! या झेंडीनं किती घरांचे किती रोल वाचवले असतील, देव जाणे.

आता आत्याच्या कॅमेऱ्याचं वय. सोळा-सतरा वर्षांत ट्रिपचं रूप फारसं बदललं नाही. त्यामुळे जे थोडे फरक आहेत, तेच जन्मदाखल्यासारखे उपयोगी पडतात. पहिल्या काही वर्षांच्या कॅमेऱ्यांत फिल्मचा वेग २००पर्यंतच लावता यायचा, पुढे ४००पर्यंत. आधी शटरचं बटण चकचकीत धातूचं असे. १९७८च्या सुमारास ते काळं प्लॅस्टिकचं झालं. अंग बहुतेकांचं चंदेरी, पण काळ्या अंगाचेही निघाले, आणि हौशी लोक त्यांना जास्त पैसे मोजतात. (काळ्या रंगानं फोटो काही चांगला येत नाही, पण हौसेला कोण समजावणार!) फोर्टातल्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे मी कॅमेरा घेऊन गेले. त्यांनी मागचं दार उघडलं, फिल्म सपाट ठेवणारी पट्टी अलगद सरकवून काढली आणि तिच्या पाठीवरचा छोटासा शिक्का मला भिंगाखाली दाखवला. पहिलं अक्षर कारखान्याचं, मधला आकडा वर्षाचा, शेवटचा महिन्याचा. मधला आकडा ४. म्हणजे १९७४ की १९८४? ‘‘बटण बघा ना,’’ ते म्हणाले. बटण धातूचं. म्हणजे १९७४! काकांनी अगदी ताजा कॅमेरा घेतला होता.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा निघाला तर काय बघायचं? पुढचं कडं ‘ए’वर ठेवा, सेलेनियमवर तळहात धरा आणि बटण दाबा. झेंडी यायला हवी आणि बटण अडायला हवं. मग खिडकीबाहेर उन्हाकडे धरून दाबा. आता खट्‌ आवाज यायला हवा. भर उन्हातही झेंडी येत असेल तर सेलेनियम म्हातारं झालंय, आणि त्याला चष्मा लावता येत नाही. दाराच्या कडेचा फोम चिकट होऊन भुगा झाला असेल तर घाबरू नका, तो बदलता येतो. विकत घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की पुढे ट्रिप हेच नाव ऑलिम्पसनं प्लॅस्टिकच्या बऱ्याच साध्या कॅमेऱ्यांना दिलं. नावावर भाळू नका, भिंगाभोवतीचं बुडबुड्यांचं कडं बघा.

मैतानी २००९ साली गेले. २०२१च्या जानेवारीत ऑलिम्पसनं कॅमेऱ्याचा धंदा दुसऱ्या कंपनीच्या हवाली केला. आणि गंमत अशी, की २०२४ साली दुसऱ्याच एका जपानी घराण्यानं, पेंटॅक्सनं, नवाकोरा फिल्मचा कॅमेरा काढला. अर्ध्या चौकटीचा, अंतरासाठी कड्यावर चित्रं असलेला. फक्त त्याला बॅटरी लागते!

दुरुस्तीवाल्यांकडून निघता निघता मी झेंडीचं गाऱ्हाणं सांगितलं. आजी, स्वयंपाकघर, सगळंच. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी ‘ए’वरचं कडं फिरवून २.८वर आणलं, भिंगावर तळहात ठेवला आणि बटण दाबलं. खट्‌! झेंडी आलीच नाही. कडं ‘ए’वरून हललं की कॅमेरा धरतो, की तुम्ही फ्लॅश लावलाय. मग तो अडवत नाही, चाळिसाव्या भागावर उघडतो आणि मिटतो. खिडकीजवळ उभं करून काढला असता, तर फोटो काळपट आला असता. पण आला असता.

पन्नास वर्षं ते कडं ‘ए’वरून हललं नव्हतं. माहितीपुस्तिका कुठल्याशा घरबदलात हरवली होती, आणि काकांनी एकदा लावून दिलेलं कडं फिरवून महागडा रोल वाया घालवायची छाती कुणाची होणार? कॅमेऱ्यानं नाही म्हटलं, सगळे मुकाट्यानं अंगणात गेले. आजीलाही पदर सावरत बाहेर बोलावलं गेलं. तो नकार फिल्मचे पैसे वाचवण्यासाठी होता, हे खरंच. मैतानीनं कुठल्या तरी गृहिणीचं भलंच चिंतलं होतं.

आत्याला मी हे सांगितलं, तेव्हा ती कॅमेरा हातात घेऊन ते कडं नुसतंच फिरवत बसली. पुढे, मागे, पुढे. ‘‘एवढंच करायचं होतं?’’ एवढंच म्हणाली.

परवा रविवारी ४००चा रोल भरला. आत्या ओट्याशी पोळ्या करत होती, बाजूला खिडकी. आधी कडं ‘ए’वर ठेवून बटण दाबलं. झेंडी आली, अगदी इमानदारीत. मग कडं २.८वर आणलं, अंतर दोन माणसांच्या चित्रावर, आणि श्वास रोखला.

‘‘आली का झेंडी?’’ आत्यानं मान न वळवताच विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग काढ लवकर. पोळी करपतेय.’’

रोलमध्ये अजून एकोणतीस फोटो शिल्लक आहेत.