रक्ताचा आकडा आणि कष्टकऱ्यांची दृष्टी

मधुमेहाने दृष्टी जाण्याचा धोका रक्ताच्या थेंबातून आधीच कळावा, यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत नवनव्या खुणांचा शोध चालू आहे. दाह दर्शविणारी प्रथिने, रक्तवाहिन्यांची फाजील वाढ घडविणारे घटक. यादी लांबतच आहे. संशोधनाला विरोध करण्याचे कारण नाही. विरोध हवा तो त्याचा हवाला देऊन आजचे कर्तव्य उद्यावर ढकलण्याच्या वृत्तीला.

कारण मुख्य खूण केव्हाच सापडली आहे. साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते आणि तिच्या प्रमाणावरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ही सरासरी कसोशीने खाली राखल्यास दृष्टिपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो, हे इन्शुलिनवर जगणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत अमेरिका-कॅनडातील चाचणीने १९९३ सालीच सिद्ध केले.

परंतु हा आकडा काढावयाचा तो कोणाच्या रक्तातून? तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, या गृहीतावर त्याचे गणित उभे आहे. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासींत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात ती पुष्कळ आधी मरते. साखर चिकटण्यास अवधीच मिळत नाही आणि आकडा खोटा दिलासा देतो. लोहाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयात तो उलट चढा दिसू शकतो; आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आहेत. अर्धपोटी माणसाच्या रक्ताला सुखवस्तूच्या रक्ताचे माप लावावयाचे आणि वर त्याला विज्ञान म्हणावयाचे, असा हा प्रकार!

पेशी किती दिवस जगली याच्याशी दृष्टिपटलाच्या छायाचित्राला कर्तव्य नसते. पडद्यावर पाझरलेले रक्त त्यात सरळ दिसते. इंग्लंड-वेल्समध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेने २००३ पासून मधुमेह्यांची अशी मोफत तपासणी उभारली. २००९-१० मध्ये, पाच दशकांत प्रथमच, हा विकार तेथील कामकरी वयातील अंधत्वाचे पहिले कारण उरला नाही. त्यामागे कोणतेही नवे रक्तद्रव्य नव्हते. होती ती साखरेवरील चांगली पकड आणि घरोघर पोहोचलेले तपासणीचे बोलावणे.

भारतात २०२१ मध्ये मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर असल्याचा अंदाज आहे. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेह्यांपैकी सुमारे साडेबारा टक्क्यांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दहा राज्यांच्या पाहणीत आढळले. आरंभी ना वेदना, ना धूसरपणा. उचल घेतलेला ऊसतोड मजूर दिसत असताना डोळे दाखवावयास मजुरी बुडवून जाईल तरी कसा? तो येतो तेव्हा लेसरने उरलेली दृष्टी राखता येते. गेलेली बहुधा परत येत नाही.

म्हणून कॅमेरा त्याच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हवा, लेसर जिल्ह्याला हवा, आणि दोन्ही फुकट हवीत. ‘तालुक्यात नोंदलेल्या मधुमेह्यांपैकी किती जणांच्या डोळ्यांचे छायाचित्र या वर्षी काढले?’ हा प्रश्न कार्यकर्त्यांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांसमोर लेखी ठेवावा, आणि उत्तरही लेखीच मागावे.