मुशीत उरते ती चांदी

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी व कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण व खटाव हे तालुके पावसाच्या बाबतीत कायमच उणे राहिले. शेतीवर भागेना, म्हणून या भागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेर पडली आणि त्यांपैकी अनेक कुटुंबांनी गलाईचा व्यवसाय धरला. विट्याच्या परिसरातील गलाई कारागीर आज केरळ-तमिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंत अनेक सराफ पेठांत आढळतात. मोडीतली भांडी, झिजलेले पैंजण, जुन्या शालूंचे जरीचे काठ, एवढेच नव्हे तर सराफाच्या दुकानातील झाडणूकही ते विकत घेतात. ती मुशीत वितळवतात, तेजाबात विरघळवतात, त्या द्रावणात तांबे टाकून चांदी खाली बसवतात आणि पुन्हा आटवून शुद्ध लगड काढतात.

या व्यवसायाचा एक साधा नियम आहे. वस्तू कोणत्या घडणीची, कोणत्या पेढीवरची, किती हौसेने घेतलेली, याला गलाईच्या भट्टीपुढे किंमत नसते. मुशीत जेवढी चांदी उरते, तेवढाच तिचा मोल. चांदीत बचत गुंतवू पाहणाऱ्या लहान गुंतवणूकदाराने भावाच्या रोजच्या आकड्याआधी हा नियम ध्यानात घेतला पाहिजे. भाव कोणाच्याच हातात नसतो. मात्र खरेदी आणि विक्री यांतील अंतर किती ठेवायचे, हे बऱ्याच अंशी ग्राहकाच्या हातात असते.

२०२५ च्या दिवाळीने हे अंतर किती वाढू शकते ते दाखवून दिले. त्या वर्षाच्या आरंभी किलोला नव्वद हजार रुपयांच्या आसपास असलेली चांदी ऑक्टोबरच्या मध्यास वायदेबाजारात एक लाख सत्तर हजारांच्या घरात पोहोचली. धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात देशभरच्या पेठांत तयार चांदीची टंचाई भासू लागली आणि हातात माल देणारे व्यापारी मूळ भावावर जादा रक्कम मागू लागले. चांदीच्या ईटीएफचे युनिटही त्यामागील चांदीच्या मूल्यापेक्षा चढ्या दराने विकले जाऊ लागले; ही तफावत काही दिवस दहा टक्क्यांच्या घरात होती. अशा वेळी नव्या ग्राहकाला महाग माल मिळू नये, म्हणून काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणे तात्पुरते थांबवले.

या टंचाईची कारणे दूरवरची होती. अमेरिका आयातशुल्क लावील या भीतीने वर्षभर पुष्कळ चांदी न्यूयॉर्कच्या गोदामांत गेली होती. लंडनच्या तिजोऱ्यांत जी होती, तिचा मोठा भाग ईटीएफच्या नावे अडकलेला होता. त्यात भारताची सणाची मागणी आली आणि लंडनमध्ये चांदी उसनी घेण्याचे दर भडकले. चांदीचा पुरवठा भाव वाढला म्हणून लगेच वाढतही नाही. खाणीतून निघणारी बहुतांश चांदी शिसे, जस्त, तांबे व सोने काढताना जोडउत्पादन म्हणून मिळते. आपल्याकडेही राजस्थानातील हिंदुस्थान झिंकच्या खाणींतून ती जस्त-शिशाबरोबरच निघते आणि देशाची बाकीची गरज आयातीवर भागते. दुसरीकडे सौर पॅनेल, विद्युत उपकरणे व इलेक्ट्रॉनिक्स यांसाठी जगातील निम्म्याहून अधिक चांदी उद्योगांत लागते.

दिवाळी सरताच लंडनची कोंडी सैल झाली आणि महिना संपण्यापूर्वी वायदेबाजारातील भाव दीड लाखाच्या खाली आला. टंचाईच्या दिवसांत ज्यांनी जादा रक्कम मोजली, त्यांनी ती चांदीसाठी नव्हे, टंचाईसाठी मोजली होती. भाव उतरला तेव्हा ती रक्कम तर आधीच गेलेली होती. पुढे डिसेंबरात हाच भाव दोन लाखांपलीकडे गेला, हेही खरे. म्हणजे ज्यांना थांबता आले ते तरले. ज्यांना नोव्हेंबरात देणे भागवण्यासाठी चांदी मोडावी लागली, त्यांचा तोटा मात्र पक्का झाला. दोघांची चांदी एकच आणि खरेदीचा दिवसही एकच. फरक होता तो मागे असलेल्या पैशाचा.

थांबण्याचा हा काळ किती लांबू शकतो, याचाही दाखला आहे. अमेरिकेतील नेल्सन बंकर हंट आणि विल्यम हर्बर्ट हंट या बंधूंनी कर्जाच्या बळावर प्रचंड चांदी साठवली आणि जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ गेला. २७ मार्च १९८० रोजी तो अकरा डॉलरच्याही खाली कोसळला. २०११ च्या एप्रिलमध्ये चांदी पुन्हा पन्नासच्या उंबरठ्यापर्यंत येऊन माघारी फिरली. तो उंबरठा खऱ्या अर्थाने ओलांडला गेला ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. १९८० मध्ये डॉलर आठ रुपयांच्या आसपास होता आणि २०२५ मध्ये अठ्ठ्याऐंशीच्या, त्यामुळे रुपयांत पाहणाऱ्यास हा खड्डा तितका खोल दिसत नाही. तरी शिखरावर घेतलेल्या चांदीने माणसाला किती वाट पाहायला लावली, हे विसरता येत नाही.

आता खरेदी-विक्रीतील अंतराचा हिशेब मांडून पाहावा. सोयीसाठी भाव किलोला दीड लाख रुपये धरू. एक किलोची ९९९ शुद्धतेची वीट घेतली, तर तीन टक्के जीएसटीसह १,५४,५०० रुपये पडतात. घरगुती खरेदीवरील हा कर परत मिळत नाही. विकताना सराफाने भावात दोन टक्के कमी धरले, तर हाती १,४७,००० येतात. भाव तसूभरही न हलता साडेसात हजार गेले. मुद्दल सुटण्यासाठी भाव पाच टक्क्यांहून थोडा अधिक चढावा लागतो.

दागिन्याचा हिशेब याहून कठोर आहे. शंभर ग्रॅमचे पैंजण ऐंशी टंचाचे आहेत, पण संपूर्ण वजनाला शुद्ध चांदीचा भाव लावला, असे समजू. वजनाचे पंधरा हजार, मजुरी दीड हजार आणि वर जीएसटी मिळून १६,९९५ रुपये होतात. मुशीत उरणारी चांदी मात्र ऐंशी ग्रॅम, म्हणजे बारा हजारांची. त्यातून गलाईचा खर्च वेगळा. येथे मुद्दल सुटण्यास भाव चाळीस टक्क्यांहून अधिक वाढला पाहिजे. सांगलीपासून जवळच असलेल्या हुपरीच्या कारागिरांची घडणावळ नावाजलेली आहे आणि त्या कलेला मोल देणे योग्यच आहे. लेकीसाठी घेतलेले पैंजण ही गुंतवणूक नव्हे, हौस आहे. तिची नोंद घरखर्चात करावी. गुंतवणूक म्हणून दागिना घ्यायचाच असेल, तर टंच किती, भाव कोणत्या शुद्धतेचा लावला आणि मोडीला किती टक्के धरणार, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्कच्या चांदीच्या वस्तूंवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक देण्याची सोय झाली. ती ऐच्छिक ठेवण्यात आली, त्यामुळे मागणाऱ्या ग्राहकालाच तिचा लाभ. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो.

अनेक घरांत आजीच्या पेटीतले जुने रुपये असतात. त्यांचा हिशेबही सालाप्रमाणे बदलतो. ब्रिटिश काळातील रुपया एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. १९४० ते १९४५ च्या रुपयात ती निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. सर्व नाणी एकत्र तोलून मोडीत देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे नुकसान ठरलेले. शिवाय काही सालांची नाणी दुर्मीळ असतात. त्यांना संग्राहक चांदीहून अधिक किंमत देतात. म्हणून मोडण्यापूर्वी सालवारी लावून जाणकारास दाखवावीत.

ज्यांना केवळ भावाचा लाभ हवा आहे आणि चांदी घरात ठेवायची नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून ईटीएफचा मार्ग खुला आहे. त्यात घडणावळ नाही, टंचाचा वाद नाही आणि एका युनिटपासून सुरुवात करता येते. मात्र घेताना युनिटचा चालू दर व त्याचे निर्देशित मूल्य यांची तुलना अवश्य करावी. दोहोंत मोठी तफावत दिसेल त्या दिवशी खरेदी टाळावी. ईटीएफ बारा महिन्यांनंतर आणि प्रत्यक्ष चांदी चोवीस महिन्यांनंतर विकल्यास दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर, असा नियम जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने आणला. ॲपवर विकल्या जाणाऱ्या ‘डिजिटल सोन्या’सारख्या योजना आपल्या नियंत्रणाखाली येत नाहीत, असा इशारा सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला, त्या धर्तीवर चांदी विकणाऱ्यांकडेही त्याच नजरेने पाहावे.

व्यापारी कुटुंबांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. अडचणीत चांदी तारण ठेवता येईल, या भरवशावर पुष्कळजण विटा घेतात. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेले आणि १ एप्रिल २०२६ पासून सर्वांस बंधनकारक ठरवलेले नियम वेगळे सांगतात. कर्ज मिळते ते चांदीचे दागिने व नाणी यांवर. एका कर्जदारास दागिन्यांची मर्यादा दहा किलोची आणि नाण्यांची पाचशे ग्रॅमची. वीट, लगड किंवा ईटीएफ यांवर तसे कर्ज मिळत नाही. म्हणजे वीट स्वस्त पडते, पण गरजेला विकावीच लागते; दागिना तारण चालतो, पण महाग पडतो. कोणता पैसा कशासाठी बाजूला ठेवतो आहोत, हे ठरल्याशिवाय यांतून निवड करता येणार नाही.

हळदीचा, गुळाचा किंवा कापडाचा व्यापार करणाऱ्याला खेळत्या भांडवलाचे महत्त्व सांगावे लागत नाही. तरीही भाव चढू लागला, की मालाचे पैसे देण्यासाठी ठेवलेली रक्कम ‘महिनाभरासाठी’ चांदीत घालण्याचा मोह होतो. ज्या पैशावर देण्याची तारीख लिहिलेली आहे, तो चांदीत घालू नये. तारीख नसलेल्या बचतीतून, ठरवलेल्या मर्यादेत, दर काही महिन्यांनी थोडी थोडी चांदी घ्यावी आणि सणाच्या आठवड्यात जादा रक्कम मागितली गेली तर शकुनापुरते एखादे नाणे घेऊन थांबावे. वहीत ती खरेदी लिहिताना मोजलेल्या रुपयांशेजारी आणखी एक आकडा लिहावा: आज मोडली तर किती येतील. हा दुसरा आकडाच घरातील चांदीची खरी नोंद होय.